बटाट्यांच्या खोलीची भिंत

बाई, भिंत पाडली.

मागच्या सोमवारी सकाळी मामूच्या हॉटेलातली बटाट्यांची खोली रिकामी केली आणि तिच्या नि संडासाच्या मधली भिंत आडवी केली. पहिला घण मी घातला. मिस्त्री पुढे आला तर त्याला म्हटलं, हात लावू नको, ज्याची चूक त्यानंच पुसायची. तुमच्या वर्गात हाच नियम होता, फळ्यावर चुकलेलं गणित ज्याचं त्यानं पुसायचं. पाच मिनिटांत माझा खांदा भरून आला आणि उरलेली भिंत मिस्त्रीनंच पाडली, ते सोडा. पण सुरुवात मी केली.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. ही भिंत तुमच्या हयातीत पडायला हवी होती, हे तुम्हाला सांगायला नको, आणि दुसऱ्या कुणाला सांगायला मला तोंड नाही. मामूला वाटतं मला वेड लागलंय. चांगला बांधलेला संडास, वर्षही झालं नाही, लोक येऊन फोटो काढतात, आणि हा तोडायला निघालाय. मामूचं हॉटेल पोलादपूरला हायवेवर, महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या आंबेनळी घाट चढायच्या आधी तिथं थांबतात. तिथं चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी संडास मी बांधला तो तुमच्या सांगण्यावरून, तुमच्यासाठी. आणि तुम्हालाच तो वापरता आला नाही. एवढीच गोष्ट आहे. पण ती मला रोज पहिल्यापासून आठवते, मधेच सोडून देता येत नाही.

तुडीलच्या शाळेत तिसरी-चौथी तुमच्या हाताखाली काढली. आमच्या मोहल्ल्यातली आम्ही सातआठ पोरं, बाकीची बौद्धवाडीतली आणि मराठ्यांची. तुम्ही एकच वाक्य सगळ्यांना सारखं ऐकवायचात, ‘कळलं नसेल तर कळलं म्हणू नका.’ मी सगळ्यात जास्त वेळा म्हणायचो. कळलं, बाई. मग तुम्ही मला फळ्यापाशी बोलवायचात आणि पाच सेकंदांत माझं पितळ उघडं पडायचं. पुढे डिप्लोमा केला, कतारला आठ वर्षं काढली, महाडला येऊन बांधकामाची कंत्राटं घ्यायला लागलो, पण ती सवय काही गेली नाही. उलट परदेशातून आलेला माणूस म्हटल्यावर ‘मला कळलं नाही’ म्हणायची चोरी होऊन बसली.

तुमचे पाय आधी गेले. शाळा सोडलीत तेव्हा निदान हात चालत होते, वह्या तपासायला आणायला लावायचात पोरांना. मग हळूहळू हातांतलाही जोर गेला. स्नायूंचा आजार, त्याला औषध नाही, असं तात्यांनी मला एकदा एसटी स्टँडवर सांगितलं आणि लगेच विषय बदलला. तात्या म्हणजे तुमचे मालक, महाडच्या डेपोत जन्म काढलेला मेकॅनिक. तेव्हापासून तुमचं उठणं-बसणं, अंघोळ, संडास, सगळं त्यांच्या दोन हातांवर.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही मला बोलावून घेतलंत. ओटीवर खुर्ची, मांडीवर शाल, समोर माझ्यासाठी चहा. तुमच्यासाठी नाही. मी विचारलं, तुम्ही नाही घेत? तुम्ही म्हणालात, ‘दुपारी महाडला बँकेत जायचंय. काल संध्याकाळपासून बंद.’ मला पहिल्यांदा कळेचना, बंद म्हणजे काय. उपास समजलो मी. मग तुम्ही सांगितलंत, बाहेर जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. महाडला तर महाडला, पण वाईला लेकीकडे, प्राजूकडे जायचं म्हणजे चार तासांची वाट, त्यात घाट. नात वर्षाची झाली आणि तुम्ही तिला दोनदाच बघितलेलं. दोन्ही वेळा ओठ सुकून, डोकं ठणकत पोचलात. प्राजूनं दारात पाणी दिलं तर घेतलं नाहीत, कारण तिचा संडास तीन जिने चढून वर.

‘इरफान,’ तुम्ही म्हणालात, ‘तुझ्या मामूचं हॉटेल बरोबर मधे आहे. तिथं एक संडास करून दे. म्हणजे मी पाणी पिऊन घराबाहेर पडेन.’

मी छाती फुगवली. कतारच्या मॉलमध्ये असे किती बांधलेत म्हणून सांगितलं. स्टीलचे दांडे, रुंद दार, उतार, सगळं तोंडपाठ. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘ते ज्याच्या हातात जोर आहे त्याच्यासाठी. दांडा धरून तो आपला आपण सरकतो. मला दांड्याचा काय उपयोग? मला माणूस उचलतो. त्या माणसाला जागा दे.’

बरोबर ह्याच वेळी तुम्ही तात्यांना आत मोरीत न्यायला सांगितलंत. मी ओटीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं तात्या एकटेच बाहेर आले, माझ्यासमोर टेकले, चहाचा ग्लास उचलला. आणि आतून बांगडीचा आवाज आला. टक टक. दोनच. तात्यांनी ग्लास तसाच खाली ठेवला.

‘आलो गो,’ म्हणाले आणि उठले.

परत आल्यावर तुम्ही मला सांगितलंत, ‘आत जा आणि बघून ये. आमची मोरी बघ. टेप आणलीयस ना? मोजून घे.’ दाराशी जुन्या साडीचा पडदा दिसत होता मला. आत एक लांब फळीसुद्धा दिसत होती. पण बाईंच्या मोरीत मी कसा जाणार? चौथीत असताना तुमच्या खुर्चीवर बसायची हिंमत नव्हती आमची. मी म्हटलं, ‘नको बाई, अंदाज आहे मला.’

मग तुम्ही तोंडी सांगायला लागलात. भूगोल शिकवायचात त्याच आवाजात. आधी खुर्चीवरून फळीवर आडवं करतात, कारण बसल्या बसल्या कपडे सोडवता येत नाहीत. म्हणून माझ्या लांबीचा एक पलंग हवा तिथं. मग तिथून उचलून कमोडवर. मग परत फळीवर, पुसून, कपडे नीट करून, मग खुर्ची. मी मान खाली घालून चहाच्या ग्लासात बघत होतो. कान तापले होते. ‘तात्यांना आत थांबावं लागतं,’ तुम्ही म्हणालात, ‘कारण मी एका अंगाला कलंडते. पण...’

‘कळलं, बाई,’ मी म्हणालो. ‘कळलं, कळलं.’

तुम्ही माझ्याकडे जरा बघितलंत. मला वाटतं तेव्हा तुम्ही मला फळ्यापाशी बोलवायला हवं होतंत. पण मी पस्तिशी ओलांडलेला, दाढी पिकायला लागलेला माणूस. तुम्ही म्हणालात, ‘बरं.’ जाताना मी अंगणात खुर्ची मोजून घेतली. लांबी, रुंदी, चाकं, पाय ठेवायची पट्टी. खुर्ची मोजायला लाज वाटत नाही ना.

मामूला सांगितलं तेव्हा तो हसला. ‘संडासात पलंग? उद्या टीव्ही मागतील.’ आणि मीही हसलो, बाई. हे तुम्हाला कधी बोललो नाही. हसलो, आणि नकाशातून पलंग काढून टाकला. त्याऐवजी भिंतीला दीड फुटाचं पाटासारखं बाकडं ठोकलं, सामान ठेवायला होईल म्हणून.

बाकी काम मात्र जीव ओतून केलं. दार थेट बाहेर उघडणारं केलं, बायकांच्या भागातून नाही, म्हणजे तात्यांना दारात उभं राहून ‘आत कोण हाय का’ असं ओरडावं लागणार नाही. तेवढं मला सुचलं होतं. मिस्त्रीशी उंबऱ्यावरून भांडलो. आपल्याकडे मोरीला उंबरा नसला तर मिस्त्रीला बांधकाम पुरं झाल्यासारखं वाटत नाही, मी दुपारी जेवायला गेलो की हा दोन इंचांचा उंबरा घालून मोकळा. तीनदा फोडायला लावला. टाइल्स खरखरीत, पाय न घसरणाऱ्या, खास पनवेलहून मागवल्या. कमोड डाव्या भिंतीपासून दीड फुटावर, बाजूला दांडा, अगदी कतारच्या नकाशाप्रमाणे. पलीकडच्या खोलीत मामूचे बटाटे आणि कांदे. ती खोली आठ बाय दहा. तुमची साडेपाच बाय सात. बटाट्यांना तुमच्यापेक्षा ऐसपैस जागा दिली होती मी, हे तेव्हा डोळ्यांना दिसलंच नाही.

पुरं झाल्यावर महाडच्या औषधवाल्याकडून तुमच्या मापाची खुर्ची मागून आणली आणि आत फिरवून बघितली. पूर्ण वाटोळी फिरली, कुठं घासलीसुद्धा नाही. मी त्याचा व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तर आलं, ‘शाबास.’ त्या एका शब्दावर मी आठवडाभर तरंगत होतो.

तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. मी दारात उभा राहून पायानं ढकलतोय, पण माझा पाय दिसत नाही. नुसती रिकामी खुर्ची दिसते. पांढऱ्या खोलीत आपली आपण फिरते, फिरते, कमोडकडे तोंड करते आणि थांबते. आता दुपारी जेवल्यावर फोन बघायला घेतला की तो आपोआप वर येतो, काय करू त्याला समजत नाही. पुसवत नाही, बघवत नाही.

उद्घाटनाला तुमच्याच हातून फीत कापायची, हे मामूनं ठरवलं. शिमग्याच्या नंतरचे दिवस, ऊन चढलेलं. तुम्ही हिरवं लुगडं नेसून आलात. मी गाडीचं दार उघडलं तर तुम्ही पहिल्या वाक्याला म्हणालात, ‘इरफान, आज मी सकाळपासून तीन ग्लास पाणी प्यायलेय. आणि मामूकडचा चहा पण घेणार.’ तात्या मागून म्हणाले, ‘रस्ताभर त्याच नादात हाय. पोलादपूर आलं का, पोलादपूर आलं का.’

तात्यांनी तुमच्या बोटांत कात्री धरवली, फीत कापली, चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तुम्ही म्हणालात, ‘आता सगळ्यांनी तिकडं बघा,’ आणि आत गेलात. दार लागलं.

मी दाराबाहेर उभा होतो. कुणी आलंच तर अडवायला, असं मनाशी म्हणत. खरं म्हणजे कौतुक ऐकायला.

पहिल्यांदा ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग खुर्ची पुन्हा सरकली. पुन्हा ब्रेक. तात्या म्हणाले, ‘ह्या अंगानं नाय जमत. भिंत हाय.’ मग दांडा खणकला, काहीतरी त्यावर आपटलं. ‘थांब गो, थांब, पाय अडकला.’ परत खुर्ची. परत ब्रेक. तात्यांचा उजवा खांदा डेपोत असताना निखळलेला, ते उचलतात ते डावीकडूनच, आणि डावीकडे मी भिंत घातली होती. ‘तात्या, तुम्ही कुठल्या बाजूनं उचलता?’ एवढा प्रश्न. विचारायला किती वेळ लागला असता?

मग बराच वेळ आवाज नाही. मग तुमचा, अगदी हळू. ‘राहू द्या. अहो, राहू द्या आता.’

आणि मग पाण्याचा आवाज आला, बाई. नळाचा नव्हता.

मी तिथून हललो नाही. हलायला हवं होतं. तात्यांनी दार थोडं उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘फडका हाय काय रे?’ मी नवा कोरा मॉप दिला, अजून त्याचं प्लास्टिक काढलं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी तुम्ही बाहेर आलात. शाल कमरेपर्यंत ओढलेली. मामू चहा घेऊन धावत आला, तुम्ही म्हणालात, ‘नको, आज उकडतंय फार.’ सगळ्यांशी हसून बोललात. बायकांसोबत फोटो काढलात. गाडीत बसताना मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, ‘उंबरा घातला नाहीस, ते फार छान केलंस.’

तुम्ही मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

दोन दिवसांनी मी तुडीलला आलो ते भांडायच्याच तयारीनं, कारण लाज वाटली की मला राग येतो, हे तुम्हाला माझ्या चौथीपासून ठाऊक. मी म्हटलं, बाई, नकाशा बरोबर होता. जगात सगळीकडे असाच बांधतात. खुर्ची पूर्ण फिरते, व्हिडिओ पाठवलाच होता की. तुम्ही शांतपणे विचारलंत, ‘खुर्चीला लागली होती का रे?’ आतून तात्यांना हसू फुटलं. मलाही फुटलं, बाई, काय करणार. मग तुम्ही गंभीर झालात. ‘बटाट्यांची भिंत पाड. कमोड मधे घे, दोन्ही बाजू मोकळ्या. आणि पलंग. माझं राहू दे, घाटातून किती लोक म्हाताऱ्या आई-बापाला घेऊन जातात. त्यांना विचार, ते गाडीत काय करतात.’

मी पाडतो म्हणालो. नंतर पाडली नाही. मामू कुरकुरला म्हणून, पावसाळा तोंडावर आला म्हणून, मग हिरकणीवाडीच्या एका लॉजचं काम निघालं म्हणून. आणि तुमचा फोन आला की एकच कारण तयार. त्याच टाइल्स मिळत नाहीत, बाई. लॉट बदलला. दुसऱ्या लावल्या तर रंग जुळणार नाही. तुम्ही म्हणालात, ‘अरे, मला जुळवून दाखवायच्यात कुणाला?’ तरी मी आपला लॉट, लॉट. खरं कारण मलाही माहीत नव्हतं. आता वाटतं, भिंत पाडायची तर पुन्हा तुमच्यासमोर बसून ते सगळं ऐकावं लागलं असतं, त्या ‘पण’च्या पुढचं. त्यालाच मी भीत होतो.

तुम्ही पुन्हा पाणी सोडलंत. प्राजूकडे जाणं तर संपलंच, पावसात घाटात दरड आली, रस्ता बंद, तेवढं निमित्त झालं. पण तात्या सांगत होते की घरीसुद्धा तुम्ही कमी प्यायला लागलात. मोरी स्वतःची, फळी स्वतःची, तरी. त्या दिवसानंतर तुमचा तुमच्या अंगावरचा विश्वास उडाला, असं ते म्हणाले. त्यांना माझ्यावर घालायचं नव्हतं. ते आपलं साधं बोलत होते.

भात कापणीच्या तोंडावर ताप आला. लघवीचा संसर्ग, मग किडनी. मी महाडच्या दवाखान्यात बघायला आलो तेव्हा तात्या औषधं आणायला खाली गेले होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, ‘टाइल्स मिळाल्या?’ मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात, नक्की. सिस्टर सांगून गेली, पाणी पाजा त्यांना भरपूर. मी ग्लास भरला, मानेखाली हात घातला. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि तोंड फिरवलंत. ‘तात्या येऊ देत. ते आल्यावर पिते.’ नळी लावलेली होती, बाई. उठायचं नव्हतं, कुणी उचलायचं नव्हतं. तरीही तुम्ही तात्या येईपर्यंत थांबलात. उरलेला ग्लास तिथं कपाटावर राहिला. मी निघालो तेव्हाही होता.

नंतर मी डॉक्टरांना गाठून विचारलं, पाणी कमी प्यायल्यामुळे झालं का हे? ते चांगले माणूस आहेत, म्हणाले, असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, आजार जुना होता. मला त्यांनी सोडलं. पण मी पाणी प्यायला ग्लास उचलतो ना, तेव्हा सुटत नाही. तोंडाशी नेतो आणि थांबतो. बायको विचारते काय झालं, मी म्हणतो काही नाही.

तुमच्या जलदान विधीला बौद्धवाडीच्या विहारात आलो होतो. आमच्यात हे नसतं, मी पहिल्यांदाच बघत होतो. तुमचा फोटो, पांढरी फुलं, आणि बौद्धाचार्य पालीत म्हणत असताना घरच्यांनी तांब्यातलं पाणी हळूहळू वाटीत ओतायचं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. तात्या, प्राजू, जावई, सगळ्यांचे हात तांब्याला. तात्यांनी मान वळवून मला खुणावलं, ‘इरफान, तू पन लाव हात.’ मला लावता आला नाही. तुम्हाला पाणी द्यायला निघालेत सगळे, आणि ज्याच्यामुळे तुम्ही ते सोडलंत तो हात मी त्या तांब्याला कसा लावू? मी मागच्या मागे विहाराबाहेर येऊन चपला शोधत बसलो. चपला समोरच होत्या.

त्यानंतर ते सुरू झालं. भर दिवसा, साइटवर, कुठंही. टक टक. दोनच. फावडं घमेल्याला लागतं, कुणी बादली ठेवतं, आणि मी हातातलं काम टाकून मागं वळून बघतो. मामूच्या हॉटेलात गेलो की त्या दारासमोरून जात नाही, वळसा घालून गल्ल्यावर येतो. एकदा दार बंद होतं आणि आतून नळाचा आवाज येत होता. मी तिथंच उभा. शेवटी हॉटेलातली झाडूवाली बाई बादली घेऊन बाहेर आली आणि मलाच विचारलं, साहेब, बरं नाही का? फोनमध्ये तुमचा शेवटचा मेसेज तसाच आहे. ‘टाइल्सचं काय झालं?’ दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातला. मी वाचला होता. तुम्हाला निळ्या खुणा दिसल्या असतील.

मग भिंत पाडायच्या आधीच्या शनिवारी तुडीलला गेलो. तात्या ओटीवर बसले होते, शेजारी तुमची खुर्ची, घडी घातलेली. मी टेप काढली आणि म्हटलं, ‘तात्या, मोरी बघायचीय.’ त्यांनी टेपकडे बघितलं. मग म्हणाले, ‘आता?’ आणि उठले.

बाई, एक वर्ष उशिरा मी तुमच्या मोरीत गेलो. काही म्हणजे काही लाजण्यासारखं नव्हतं तिथं. फळी, साडेपाच फूट, काठ तासून गोल केलेले. मधे कमोड, दोन्ही अंगांना माणूस फिरेल एवढी जागा. आणि कमोडच्या डावीकडे सिमेंटवर दोन गुळगुळीत डाग, शेजारी शेजारी. मी विचारलं हे काय. तात्या म्हणाले, ‘माझे पाय. तितंच उभं ऱ्हायचं ना रोज.’ मी गुडघ्यावर बसून ते डाग मोजले. भिंतीपासून, कमोडपासून, एकमेकांपासून. कतारच्या नकाशात हे दोन पाय कुठंच नव्हते.

पडद्यापाशी आलो तेव्हा विचारलं, ‘आणि हा कशाला? तुम्हाला तर आत थांबावं लागायचं.’

‘थांबायचोच. पन ह्याच्यामागं. पडली तर हात पोचला पायजे, आनि दिसता तर नाय पायजे.’ तात्या साडीची कड चाचपत होते. ‘ती म्हनायची, अवो, एवढं सगळं तुम्हीच करता. त्या दोन मिंटात तरी मला एकटीला बसू द्या. मग ठोकायची दोनदा. म्हंजे झालं, या.’

तेच होतं ते, ‘पण’च्या पुढचं. मी गप्प बसलो असतो तर तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलं असतंत. वर्षभर मला वाटत होतं की मी तुमचा मान राखला.

तर अशी भिंत पाडली. आठवडाभरात काम उरकलं. कमोड मधे घेतला, डावीकडे तात्यांच्या पायांना जागा, उजवीकडे तेवढीच, कारण प्रत्येकाचा खांदा तात्यांसारखा नसणार. पलंग सहा फुटांचा, गादी धुता येईल अशी. वर दांडी, तिला पडदा. टाइल्स नाहीच जुळल्या. अर्धी भिंत पांढरी, अर्धी सायीच्या रंगाची. अजून तरी कुणी विचारलं नाही. मामूचे बटाटे आता जिन्याखाली आहेत आणि तो माझ्याशी बोलत नाही.

काल तात्यांना घेऊन आलो. मिस्त्रीनं खुर्ची आणली, फिरवून बघायला. मी म्हटलं, फिरवायची नाही, मी बसतो. तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ‘तू? अख्खा बैल हाईस.’ पण मी हात-पाय सैल सोडले आणि बसलो. त्यांनी ब्रेक लावले, गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकवले, माझे हात स्वतःच्या गळ्यात घातले आणि डावीकडून एका दमात उचललं. माझं तोंड त्यांच्या खांद्यावर आलं. तुमचं रोज तिथं यायचं. शर्टाला ग्रीसचा वास अजून आहे, बाई, निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी. पलंगावर आडवं केलं, मग कमोडवर बसवलं, नीट टेकवलं. कुठं भिंत लागली नाही, दांडा लागला नाही. मग ते पडद्यामागे गेले आणि पडदा ओढला.

मी एकटा बसलो. कपड्यांसकट, उगाच. बाहेर हायवेवरच्या गाड्यांचा आवाज. पडद्याखाली तात्यांच्या चपला दिसत होत्या, टाचा माझ्याकडे. एवढ्या जागेत, एवढ्या वेळापुरतं, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तुम्ही एवढंच मागत होतात.

झालं म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग हातातलं घड्याळ कमोडच्या कडेवर वाजवलं. दोनदा.

‘आलो गो,’ पडद्यामागून आवाज आला.

पडदा मात्र हलला नाही. चपला तशाच. किती वेळ गेला कोण जाणे, मिस्त्री बाहेरून खोकला. मग तात्या आले, तोंड पुसलेलं, आणि मला उचललं. खुर्चीत ठेवल्यावरही त्यांचे हात माझ्या काखेतून लगेच निघाले नाहीत.

बाहेर आलो तर मामू उभा, दोन ग्लास पाणी घेऊन. न बोलणारा मामू. तात्यांनी आपला ग्लास एका दमात रिकामा केला. मी माझा ग्लास घेऊन परत आत गेलो आणि पलंगाच्या उशाशी ठेवला. काठोकाठ भरलेला आहे, बाई. प्या आता. घाट लागायला अजून वेळ आहे.